लंबक, नऊ गट आणि एक सामायिक शीट: प्रकल्पाच्या नोंदी

नववीचा वर्ग, ३६ मुलं, चार-चार जणांचे नऊ गट. संगणक कक्षात चालू स्थितीतली बारा यंत्रं, आठवड्यातून दोन तास, प्रत्येक तास ४० मिनिटांचा. काम असं: लंबकाची लांबी बदलली की दोलनकाल (गोळा एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ) कसा बदलतो ते प्रत्येक गटाने स्वतः मोजायचं, सगळ्यांची मोजमापं एका ऑनलाइन शीटमध्ये एकत्र आणायची आणि त्यावरून अहवाल लिहायचा. प्रयोग जुनाच आहे. नवं होतं ते सगळ्या गटांनी एकमेकांचे आकडे पाहणं. आणखी कुणाला हे करायचं असेल तर माझा गेलेला वेळ त्यांचा तरी वाचावा, म्हणून लिहून ठेवलं आहे. काही नोंदी वर्गात बसून लिहिल्या, काही रात्री घरी.

५ जानेवारी – तयारी

साधनं निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. निकष दोनच ठेवले: मराठीत सरळ लिहिता यावं आणि काम संपल्यावर सगळं उतरवून आपल्याकडे ठेवता यावं. दुसरा निकष मी सोडणार नाही. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या ३१ डिसेंबरला बंद झाला, तेव्हा अनेकांना आपले जुने फलक घाईघाईने पीडीएफ करून घ्यावे लागले. जिथून फाइल बाहेर काढता येत नाही तिथे मुलांचं काम ठेवायचं नाही.

ईथरपॅड या एकत्र लिहिण्याच्या साधनाचाही विचार केला. त्याला खातं लागत नाही, लिहिणाऱ्या प्रत्येकाला वेगळा रंग मिळतो, त्यामुळे कोणी काय लिहिलं ते नजरेला पडतं. पण आम्हाला तक्ते आणि आलेख हवे होते. शेवटी आकड्यांसाठी गूगल शीट्स आणि लिखाणासाठी गूगल डॉक्स ठरलं. एका डॉक्समध्ये एका वेळी १०० जणांपर्यंत लिहू शकतात, म्हणजे ३६ मुलं आरामात मावतील असं धरून चालले.

एकच डॉक्स उघडलं, त्यात ‘गट १’ ते ‘गट ९’ अशी शीर्षकं घातली आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्याला लिहिता येईल अशी परवानगी ठेवली. शाळेने दिलेल्या खात्यांचे पासवर्ड मुलांच्या लक्षात नसतील आणि तास त्यातच जाईल, ही भीती होती. (१० तारखेची भर: या पानावरचा सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच.)

लागलेला वेळ: सुमारे चार तास.

९ जानेवारी – पहिला तास

४० पैकी २२ मिनिटं लिंक टाइप करण्यात गेली. मी ती फळ्यावर लिहिली होती. इंग्रजी मोठी अक्षरं, लहान अक्षरं, मध्येच आकडे, मध्येच आडव्या रेघा. ‘बाई, हा एक आहे की एल?’ हा प्रश्न बाराही यंत्रांवरून आला. तीन गट शेवटपर्यंत आत येऊच शकले नाहीत, ते शेजारच्या यंत्रावर उभे राहून बघत होते.

जे आत आले ते खातं न उघडता आले, त्यामुळे पानाच्या वर नावांऐवजी ‘अनामिक’ असं लिहिलेले प्राणी दिसायला लागले. कोणी कॅपिबारा, कोणी कोल्हा. दोन मिनिटं वर्गाचं लक्ष फक्त त्या प्राण्यांवर. मग लिखाण सुरू झालं, आणि ते चांगलं चाललं होतं. लांबी वाढली की लंबक हळू जाईल की भरभर, गोळा जड केला तर काय होईल, असे अंदाज मुलं लिहीत होती.

तिसाव्या मिनिटाला पान कोरं झालं. कोणीतरी सगळा मजकूर निवडला आणि एक अक्षर दाबलं. मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. आपलं लिखाण निवडायला जाताना अख्खं पान निवडलं जाणं अगदी सहज शक्य आहे. पण त्यानंतर जे झालं त्याने नुकसान वाढवलं. सगळ्यांनी घाबरून कंट्रोल-झेड (केलेला बदल मागे घेण्याची कळ) दाबायला सुरुवात केली. ते ज्याचं त्याच्यापुरतं चालतं, दुसऱ्याने केलेला बदल त्याने मागे जात नाही. पान परत येईना, म्हणून मुलं दाबतच राहिली आणि आपापलं शाबूत लिखाणही मागे मागे नेत गेली.

मी आवृत्ती-इतिहासात, म्हणजे फाइलच्या आधीच्या आवृत्त्या साठतात तिथे जाऊन आधीची एक आवृत्ती परत आणली. घाईत फार मागची निवडली. चार गटांचं मधल्या काळातलं लिखाण त्यात नव्हतं. आणि कोणी काय केलं ते बघायला गेले तर सगळीकडे ‘अनामिक’. मी वर्गावर रागावले. रागावायला नको होतं, कारण दार मीच उघडं ठेवलं होतं.

१० जानेवारी – घरी

दीड तास आवृत्त्या उलगडत बसले. एक गोष्ट कळली: जुनी आवृत्ती परत आणली तरी नंतरच्या आवृत्त्या इतिहासातून पुसल्या जात नाहीत. म्हणून सबंध फाइल मागे नेण्यापेक्षा हवी ती आवृत्ती नुसती उघडायची, त्यातला हवा तेवढा मजकूर उचलायचा आणि आजच्या फाइलमध्ये चिकटवायचा. चारही गटांचं लिखाण असंच परत मिळालं. काल मला हे माहीत असतं तर तास वाचला असता.

बदल केले ते असे. एकाऐवजी नऊ डॉक्स. आपल्या गटाच्या फाइलमध्ये लिहिण्याचा हक्क, बाकीच्या आठ फाइलींत फक्त कॉमेंट करण्याचा. प्रत्येकाने शाळेच्या खात्यातूनच यायचं, अनामिक प्रवेश बंद. संगणक शिकवणाऱ्या सरांनी सगळे पासवर्ड नव्याने काढून दिले, मी ते चिठ्ठ्यांवर लिहून मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानावर चिकटवणार आहे. आणि बाराही यंत्रांच्या पडद्यावर लिंकचं चिन्ह आधीच ठेवून दिलं. फळ्यावर लांबलचक लिंक पुन्हा कधी लिहायची नाही.

१३ जानेवारी – पहिली मोजणी

लॉगिनला नऊ मिनिटं. हे चालेल.

मोजणी अशी: दोऱ्याची लांबी २०, ४०, ६०, ८० आणि १०० सेंमी. प्रत्येक लांबीला दहा दोलनांचा वेळ तीन वेळा मोजायचा. नऊ गट, पाच लांबी, तीन वेळा, म्हणजे १३५ आकडे. सगळे एकाच शीटमध्ये, प्रत्येक गटाला एक रकाना. आकडे इंग्रजी अंकांतच टाकायचे हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे अंकांचा घोळ झाला नाही.

एककांचा झाला. दोन गटांनी चौकोनात ‘12.7 से.’ असं लिहिलं. पुढे ‘से.’ आलं की शीट त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतं, आणि सरासरी काढताना तेवढे चौकोन गुपचूप वगळतं. चूक झाल्याची खूण कुठेच दिसत नाही. गट ४ ची सरासरी तीनऐवजी एकाच आकड्याची होती हे मला तास संपताना दिसलं.

मग अर्ध्या वर्गाचा डेटा गेला. निदान ओरडा तरी तसाच झाला. एका मुलाने आपल्याच ओळी दिसाव्यात म्हणून फिल्टर लावला होता. साधा फिल्टर लावला की तो शीट बघणाऱ्या सगळ्यांना लागतो. स्वतःपुरतं बघायचं असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरावा लागतो. त्या मुलाला आधी आपण काय केलं तेच कळेना, मग तो रडवेला झाला. फिल्टर काढल्यावर सगळं जागेवर होतं. पुढच्या तासाला सुरुवातीची तीन मिनिटं हे मी सगळ्यांना पडद्यावर करून दाखवणार आहे: लावून, काढून, पुन्हा लावून.

एवढं सोडलं तर शीट भरलं आणि फार सुंदर भरलं. १०० सेंमीच्या ओळीत २०.१, २०.०, २०.१, २०.२, २०.१. नववीची मुलं हाताने स्टॉपवॉच दाबतात आणि नऊच्या नऊ गटांचे आकडे दोन दशांश सेकंदाच्या आत येतात. घरी येताना मी खुशीत होते.

१४ जानेवारी – घरी

रात्री पुन्हा शीट उघडलं आणि चैन पडेना. स्टॉपवॉच दाबायला हात थोडा तरी पुढेमागे होतोच. आकडे इतके जुळायला नको होते.

शीट्समध्ये एका चौकोनावर उजवं बटण दाबलं की त्या चौकोनाचा संपादन-इतिहास दिसतो: कोणी, कधी, कशाचं काय केलं. गट ६, लांबी १०० सेंमी. पहिली नोंद १८.१. चार मिनिटांनी २०.१. खालचा चौकोन: १८.० चे २०.०. गट २, लांबी २० सेंमी: ९.४ चे ९.०. एक-एक चौकोन उघडत गेले. नऊपैकी चार गटांनी आपले आकडे बदलले होते, आणि चौघांनीही ते गट १ च्या आकड्यांकडे सरकवले होते. गट १ ने सर्वांत आधी भरलं होतं.

हे वाचताना वाईट वाटलं, पण मुलांचं नाही. मी त्यांच्यासमोर एक भरलेला रकाना ठेवला आणि शेजारी त्यांना त्यांचा रकाना भरायला सांगितला. परीक्षेत शेजारच्याची उत्तरपत्रिका उघडी ठेवून वर ‘बघू नका’ म्हणण्यासारखं हे झालं. सगळं सगळ्यांना लगेच दिसतं हा या साधनाचा गुण म्हणून मी ते निवडलं होतं, आणि त्या गुणानेच माझा प्रयोग बिघडवला.

१६ जानेवारी

मोजणी नाही. पूर्ण तास बोलण्यात घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

कोणत्याही गटाचं नाव न घेता मी पडद्यावर एकच चौकोन आणि त्याचा इतिहास दाखवला: १८.१, मग २०.१. विचारलं, मधल्या चार मिनिटांत काय झालं असेल? वर्ग गप्प. मग गट ६ मधली एक मुलगी स्वतःहून उठली. ‘बाई, तो आमचा आहे. पहिल्या गटाचं आधीच आलं होतं. आम्हाला वाटलं आमचंच चुकलं.’ मी विचारलं, पुन्हा मोजलंत का? ‘नाही. वेळ नव्हता. आणि त्यांचं नेहमी बरोबरच असतं.’

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ बोलले. चुकीच्या आकड्यामागेही काहीतरी कारण असतं, आकडा पुसला की ते कारणही पुसलं जातं, हे सांगितलं. कुणाचेही गुण कापणार नाही हेही सांगितलं. पण बोलून भागणार नव्हतं. मांडणीच बदलायला हवी होती.

नवी मांडणी: प्रत्येक गट आपले आकडे गूगल फॉर्ममध्ये भरेल. फॉर्म भरणाऱ्याला दुसऱ्याचं काहीच दिसत नाही. आकडे मागे माझ्या शीटमध्ये वेळेसकट जमा होतात. नऊही गटांचं भरून झालं की शीट सगळ्यांना एकदम उघडायचं, तेही फक्त कॉमेंट करण्याच्या परवानगीसह, म्हणजे कोणालाच आकडा बदलता येणार नाही. आधी एकट्याने, मग सगळ्यांनी मिळून.

२० जानेवारी – दुसरी मोजणी

फॉर्म करताना एक चूक केलीच. ‘12.7 से.’ सारखे प्रकार टाळायला मी उत्तरांना अट घातली: आकडाच हवा. इथवर ठीक. पण पुढे जाऊन प्रत्येक लांबीला किमान आणि कमाल मर्यादाही घातल्या. २० सेंमीला ८.५ ते ९.८, अशा. अचाट आकडे येऊ नयेत एवढाच हेतू होता.

दहाव्या मिनिटाला गट ६ चा मुलगा आला: ‘बाई, फॉर्म आमचं उत्तर घेत नाही.’ त्यांचा आकडा होता ८.१. तीन वेळा मोजून तोच आला होता. त्यांनी चौथ्यांदा मोजायला घेतलं होतं आणि या वेळी स्टॉपवॉच थोडा उशिरा थांबवायचं असं आपसात चाललं होतं. फॉर्म पडद्यामागून तेच सांगत होता जे आधी गट १ चा रकाना सांगत होता: बरोबर उत्तर इथे आहे, तिकडे सरका.

सगळ्या मर्यादा लगेच काढून टाकल्या. ‘शून्यापेक्षा मोठा आकडा’ एवढीच अट ठेवली. गट ६ ला म्हटलं, जो आला तोच टाका. त्यांनी भरलं: ८.१, ११.४, १४.०, १६.२, १८.१. पहिल्या मोजणीत बदलण्याआधी होता तोच १८.१. म्हणजे ही हाताची चूक नव्हती. कारण अजून मला कळलेलं नव्हतं. विचारलं असतं तर सापडलं असतं, पण मी थांबायचं ठरवलं. ते वर्गाने शोधावं अशी इच्छा होती.

२३ जानेवारी – शीट उघडलं

या एका तासासाठी बाकीच्या सगळ्या तासांचा शीण मी विसरले.

नियम: प्रत्येक गटाने दुसऱ्या दोन गटांचे आकडे वाचायचे आणि जिथे काही वेगळं दिसेल तिथे त्या चौकोनावर कॉमेंट लिहायची. ‘चुकलं’ हा शब्द वापरायचा नाही, जे दिसतं ते लिहायचं.

पहिली दहा मिनिटं शांतता. मग गट ८ ने गट ६ च्या रकान्यावर लिहिलं: ‘तुमचे सगळे आकडे आमच्यापेक्षा कमी आहेत, पण सारख्या प्रमाणात कमी आहेत. ९ ने भागून १० ने गुणलं की जवळजवळ आमचेच येतात.’ १८.१ चे २०.१, ८.१ चे ९.०, १६.२ चे १८.०. गट ६ च्या चौघांनी कॅल्क्युलेटरवर एकेक आकडा करून बघितला. मग त्यांच्यातला मोजणारा मुलगा उठला, कोपऱ्यातल्या स्टँडवरचा गोळा बाजूला ओढला, सोडला आणि मोठ्याने मोजायला लागला. सोडतानाच म्हणाला, ‘एक’. गोळा जाऊन परत हातापाशी आला तेव्हा ‘दोन’. तो ‘दहा’ म्हणाला तेव्हा गोळ्याची नऊच दोलनं झाली होती. तो थांबला, आमच्याकडे वळला आणि म्हणाला, ‘शून्यापासून मोजायचं होतं.’

पहिल्या मोजणीत हेच घडलं होतं आणि चार मिनिटांत ते झाकलं गेलं होतं.

दुसरी गोष्ट गट २ ची. गट ५ ने त्यांना विचारलं: ‘२० सेंमीला तुम्ही ०.४ सेकंदाने पुढे आहात, ८० ला फक्त ०.२ ने. असं का?’ उत्तर मलाही पटकन सुचलं नाही. त्यांच्या टेबलाशी जाऊन बघितलं. गोळे कमी पडले म्हणून त्यांना रबरी चेंडू दिला होता, व्यास ४ सेंमी. त्यांनी दोरा मोजला होता तो चेंडूच्या माथ्यापर्यंत. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, म्हणजे त्यांचे २० सेंमी खरं तर २२ होते आणि ८० होते ८२. दोन सेंमीचा फरक आखूड दोऱ्याला जास्त जाणवतो, लांब दोऱ्याला कमी. हे मी सांगितलं नाही. गट ५ आणि गट २ यांनी कॉमेंटमध्येच सात-आठ वाक्यांत एकमेकांना विचारत विचारत काढलं. शेवटचं वाक्य गट २ चं: ‘म्हणजे आमचे आकडे बरोबर आहेत, आमची लांबी चुकली.’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

तास संपता संपता गट ३ मधल्या मुलीने २० आणि ८० च्या ओळींवर लिहिलं: ‘लांबी चारपट, वेळ दुप्पट. जवळजवळ सगळ्या गटांत.’ तिथून दोलनकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढण्यापर्यंत जायला एक वाक्य पुरलं.

२७ जानेवारी – अहवाल लिहिणं

हा तास सामान्य गेला. प्रत्येक गटात एक जण टाइप करतो, बाकीचे तिघं बघतात. अहवालाचे चार भाग पाडले आणि एकेकाला एकेक दिला. एका यंत्रावर तीन मुलं असल्याने दोघांनी वहीत लिहायचं, एकाने टाइप करायचं, दहा मिनिटांनी बदल.

मराठी टायपिंगने बराच वेळ खाल्ला. बोलून लिहिण्याची सोय काहींना आवडली, पण एका खोलीत बारा जण बोलायला लागले की कोणाचंच नीट उमटत नाही. एका मुलाने घरून टाइप करून आणलेला मजकूर चिकटवला तर पानावर इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा खच. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेलं काम असं होतं, कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. अहवालातला तेवढा भाग पुन्हा टाइप केला. आणखी एक: ‘दोऱ्याची’ हा शब्द शोधला तर अर्ध्याच जागा सापडल्या. ‘ऱ्या’ दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखा, यंत्राला वेगळा. शोधून भागणार नसेल तर वाचून काढावं.

कॉमेंटचा उपक्रम इथेही ठेवला होता. ५८ कॉमेंट आल्या, त्यांतल्या ४१ ‘छान’, ‘मस्त’, ‘खूप सुंदर’. शीटवर ज्या मुलांनी इतकं बारीक वाचलं त्यांनीच इथे असं का केलं? मला वाटतं, आकड्यात वेगळेपण दिसतं, परिच्छेदात ते शोधावं लागतं. नवा नियम केला: प्रत्येक कॉमेंटमध्ये एक प्रश्न किंवा एक आकडा असलाच पाहिजे.

३० जानेवारी

नेट पाचव्या मिनिटाला गेलं, ते आलंच नाही. ज्यांच्या वहीत कच्चं लिखाण होतं त्यांचं काम चालू राहिलं, बाकीचे बसून राहिले. म्हणून आता वही सक्तीची: मोजलेला प्रत्येक आकडा आधी वहीत, मग यंत्रात. फाइली आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवण्याची सोय असते, ती मी केली नव्हती. आज रात्री करून ठेवली.

३ फेब्रुवारी

नव्या नियमाने २७ कॉमेंट आल्या. संख्या निम्म्याहून कमी, पण त्यांतल्या वीस तरी कामाच्या. ‘तुम्ही कोन किती ठेवला ते लिहिलं नाही’ ही एकट्या गट ७ ला आली आणि नऊही अहवालांत त्यामुळे एक ओळ वाढली.

अडचण वेगळीच निघाली. दोन गटांनी त्यांना आलेल्या प्रश्नांवर बरोबरची खूण दाबून ते मिटवून टाकले होते, उत्तर न देता. खूण दाबली की प्रश्न समासातून जातो. कॉमेंटच्या इतिहासात तो राहतो, तिथून मी सगळे परत उघडले. ठरवलं: ज्याने विचारलं त्यानेच मिटवायचा, समाधान झाल्यावर. मुलांना हे लगेच पटलं, कारण जवळजवळ प्रत्येकाचा एखादा प्रश्न असा गेला होता.

गुणांचंही आज बोलणं झालं. आवृत्ती-इतिहासावरून कोणी किती लिहिलं ते काढता येतं, म्हणून मी तसा तक्ता करायला घेतला होता. गट ६ मधल्या ज्या मुलाने उठून मोठ्याने मोजून चूक शोधली, त्याच्या नावावर सबंध अहवालात अकरा शब्द होते. तक्ता तिथेच सोडून दिला. त्याऐवजी अहवालाच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःचं काम दोन वाक्यांत लिहायचं आणि गटातल्या दुसऱ्या एकाने त्याखाली ‘हो’ किंवा भर घालायची.

६ फेब्रुवारी – शेवटचा तास

अहवाल पूर्ण. सगळ्या फाइलींची परवानगी ‘फक्त वाचा’ केली, प्रत्येक अहवालाची पीडीएफ आणि शीटची प्रत उतरवून घेतली, प्रत्येक गटाला त्यांची दिली.

हिशेब: ठरवले होते पाच तास, लागले नऊ. माझे घरचे साधारण चौदा तास, त्यांतले सहा तरी पहिल्या आठवड्यातल्या चुका निस्तरण्यात. पुन्हा करायचं झालं तर चिठ्ठ्या, नऊ फाइली आणि फॉर्म आधी तयार ठेवून सहा तासांत बसेल.

गट ६ ने आज एक मागणी केली. त्यांनी शून्यापासून मोजून पाचही लांबींचे आकडे पुन्हा घेतले होते आणि ते शीटमध्ये घालायचे होते. मला वाटलं जुने काढून नवे हवे असतील. ‘नाही बाई, जुने राहू द्या. नवे खाली घालायचे आहेत.’ मी त्यांच्या रकान्यापुरती परवानगी उघडली. आता तिथे १८.१ आहे, त्याच्या खाली २०.१ आहे आणि बाजूच्या चौकोनात त्यांनी लिहिलं आहे: ‘वरचा आकडा नऊ दोलनांचा.’